उजव्या गुडघ्यामागचं लिंबू

प्रावोतो यांच्या उजव्या गुडघ्याच्या मागे, पाय दुमडला की जिथे घडी पडते नेमकी तिथे, एक गाठ आली. बोराएवढी होती तोवर त्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला. मग ती लिंबाएवढी झाली. लिंबाकडे काणाडोळा करता येतो हो, पण लिंबावर बसता येत नाही, आणि प्रावोतो खाली बसले की दर वेळी ह्या लिंबावरच बसायचे.

आता माणसाच्या अंगावर गाठीला यायला जागा काय कमी आहेत? मानेवर आली असती तर कॉलर होती. डोक्यावर आली असती तर टोपी होती. टोपी जरा उंच झाली असती आणि माणूस भारदस्त दिसला असता. पण ज्या गृहस्थाला येत्या सुरो महिन्यात, म्हणजे जावातल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, राजवाड्याच्या सभामंडपात चोवीस फरश्या उकिडवं चालत जायचं आहे, त्याच्याच गुडघ्यामागे येऊन बसायचं, याला काय म्हणावं? प्रावोतोंच्या मते हा शुद्ध आकस होता.

गावात राजवाडे दोन; हा थोरला नव्हे. बाजारामागचा धाकटा. धाकट्याचं वैभव कमी, पण नियम थोरल्याहून कडक; धाकट्यांचं असंच असतं. तिथे सेवक व्हायचं तर आधी दोन वर्षं उमेदवारी. आठवड्यातून दोनदा अनवाणी जायचं, अंगण झाडायचं, दिवे पुसायचे, आणि राजेसाहेबांसमोरून जाण्याची वेळ आली तर उभ्यानं नाही, उकिडवं बसून, टाचा उचलून, एकेक पाऊल पुढे टाकत जायचं. लहान मुलं ह्याला बदकचाल म्हणतात. राजवाड्यात असं म्हणायची सोय नाही. दोन वर्षांनी राजेसाहेब एक कागद देतात आणि त्यावर तुमचं नवं नाव असतं. बाकी काही मिळत नाही. नाव मिळतं.

आणि प्रावोतोंना ते नाव हवं होतं. अगदी जीव टाकून हवं होतं. जमीन-नोंदणीच्या कचेरीत ते एकतीस वर्षं खिडकी नंबर तीन होते. रस्त्यात लोक भेटायचे ते “अरे, खिडकी तीन ना तुम्ही?” असंच म्हणायचे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात भलत्याच कुणाचं तरी नाव घेतलं, तेव्हा प्रावोतोंनी उठून त्या भलत्याच्या वतीनं दोन शब्दांत आभार मानले. साहेबांना सगळ्यांसमोर चुकीचं कसं ठरवणार? तेव्हा आता एकदा तरी, चारचौघांत, कुणीतरी आपल्याला आपल्या नावानं हाक मारावी, आणि ते नाव राजानं दिलेलं असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. समारंभाला तीन महिने उरले होते.

“अहो, लंगडताय तुम्ही,” त्यांची बायको रुमिनी म्हणाली.

“मी? छे! सावकाश चालतोय.”

“सावकाश दोन्ही पायांनी चालतात.”

“दोन दिवसांत जिरेल गं. मला माझं शरीर ठाऊक आहे.”

हा आत्मविश्वास प्रावोतोंचा जन्मजात होता आणि त्याला कशाचाही आधार लागत नसे.

पण गल्लीत एखाद्याचा पाय दुखतोय ही बातमी त्याच्या आधी गल्लीच्या टोकाला पोचते. पहिल्या आल्या समोरच्या बु जुमिलाह. (आमच्याकडे बाईला मानानं ‘बु’ म्हणतात आणि बुवाला ‘पाक’.) ह्यांचं तळलेल्या टेंपेचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचं, दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला टेंपेबरोबर निदान फुकट मिळतं. त्यांनी गाठ न बघताच सांगून टाकलं, “वारा शिरलाय!”

आमच्या जावात सगळ्याचं मूळ वारा. डोकं दुखलं, वारा शिरला. उलटी झाली, वारा शिरला. मागे एकाला मोटारीनं उडवलं तेव्हासुद्धा बु जुमिलाह म्हणाल्या होत्या, पडल्या पडल्या वारा शिरला असणार. ह्यावर औषध एकच. तेल लावून, नाण्याच्या कडेनं पाठ खरवडायची, म्हणजे वारा लाल पट्ट्यांच्या वाटेनं बाहेर पडतो.

“पण गाठ गुडघ्याला आहे,” प्रावोतो पालथे पडल्या पडल्या म्हणाले.

“वारा शिरतो पाठीतून, पाक प्रावोतो. नंतर तो कुठे मुक्काम करेल ते त्याच्या मर्जीवर.”

पाठ दोन दिवस टेकवेना. गाठ होती तिथेच होती.

मग शेजारचे पाक त्रिमो आले. हे शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी निघालेली नाही. त्यांचा विश्वास लाल मुंग्यांवर. आंब्याच्या झाडावर मुंग्यांचं पानांचं घरटं असतं, त्याला गुडघा लावून उभं राहायचं. मुंग्या चावल्या की रक्त धावत सुटतं, आणि धावणारं रक्त गाठीला घेऊनच जातं. “शास्त्र आहे ह्यामागे,” पाक त्रिमो म्हणाले, आणि मोजायला शिट्टी वाजवली. मुंग्या शिस्तीच्या निघाल्या नाहीत. गुडघा सोडून त्या वर निघाल्या. पुढचं प्रावोतोंनी कुणाला सांगितलेलं नाही. ते अंगणातून विहिरीपर्यंत किती वेळात पोचले ते मात्र पाक त्रिमोंनी घड्याळ लावून बघितलं आणि म्हणाले, “बघा! पाय सुटला की नाही?”

तिसऱ्या आल्या मालिशवाल्या आजीबाई. ह्यांचे अंगठे सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “शीर रस्ता चुकलीय. वळवून आणते.” मग त्यांनी अंगठा रोवला.

“दुखतंय का?”

“नाही नाही. छान वाटतंय.”

इथे एक सांगायला हवं. थोरामोठ्यांनी काही विचारलं की आमच्याकडे माणूस ‘होय’ किंवा ‘छान’ म्हणतो. ‘होय’ म्हणजे ‘तुमचं म्हणणं कानावर आलं’. त्या पलीकडे त्यात काही नसतं. नकार द्यायचा झाला तर ‘बघू या’ म्हणतात, आणि अगदी जीवावरच आलं तर पावसाविषयी बोलायला लागतात. प्रावोतो डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “यंदा पाऊस लांबला, नाही?” पण आजीबाई जरा कमी ऐकत. त्यांना फक्त ‘छान’ ऐकू आलं आणि त्यांनी दुसरा अंगठाही कामाला लावला. संध्याकाळी लिंबाचं मोसंबं झालं होतं.

“आता उद्या डॉक्टर,” रुमिनी म्हणाली. तिच्या आवाजात चर्चेला जागा नव्हती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर निंग्रुम म्हणजे अगदी कोवळी पोर; प्रावोतोंच्या धाकट्या भाचीएवढी. पण हुशार. गाठ हलक्या हातानं दाबली, पाय सरळ करायला लावला, पुन्हा दुमडायला लावला आणि सांगितलं, “काका, हे पाणी आहे. गुडघा आतून झिजलाय, त्यामुळे आत पाणी जास्त होतं आणि मागच्या बाजूला पिशवीत साचतं. घाबरण्यासारखं नाही. पण चोळायचं नाही, दाबायचं नाही, आणि उकिडवं तर मुळीच बसायचं नाही.”

“किती दिवस?”

“दिवस कसले? आता तसं बसूच नका.”

“होय,” प्रावोतो म्हणाले. म्हणजे कानावर आलं.

मोठ्या इस्पितळात हाडांच्या तज्ज्ञाला दाखवा म्हणून तिनं चिठ्ठी लिहिली. आणि प्रावोतोंच्या डोळ्यांसमोर, स्पष्ट अक्षरात, लिहिलं: ‘डावा गुडघा’.

प्रावोतोंनी ते वाचलं. उलटं वाचलं, पण एकतीस वर्षं खिडकीतून उलटे कागद वाचलेला माणूस तो. त्यांनी तोंड उघडलं. शेजारी नर्स उभी होती, बाकावर तीन पेशंट होते, दारात एक मूल. एवढ्या लोकांसमोर एका डॉक्टरीणबाईंना, तेही सही केल्यावर, ‘तुमचं चुकलं’ म्हणायचं? पोरीचं तोंड उतरलं असतं. प्रावोतोंनी उघडलेलं तोंड ‘आभारी आहे’ म्हणून मिटलं. पुढे कुणीतरी बघेल, असा त्यांनी विचार केला. कचेरीत एकतीस वर्षं सगळेच असा विचार करत आले होते.

मोठ्या इस्पितळात खिडक्या होत्या. खिडकी म्हटली की प्रावोतोंना घरी आल्यासारखं वाटतं. पण ह्या वेळी ते बाहेरच्या बाजूला होते. आतल्या तरुणानं कार्ड बघितलं, मान तिरकी केली, आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला, “विम्याच्या कार्डावर पत्ता जुन्या गावचा दिसतोय, काका. तिथल्या दवाखान्याची चिठ्ठी आणली असतीत तर किती बरं झालं असतं.”

प्रावोतो बघतच राहिले. ‘मिळणार नाही’ हे न म्हणता मिळणार नाही असं सांगणं, त्यात वर माणसाला आपलंच चुकल्यासारखं वाटायला लावणं! ते दोन पावलं मागे सरले आणि रुमिनीला म्हणाले, “काय हात आहे गं पोराचा! मान कशी तिरकी केली पाहिलीस? मला ती पंधरा वर्षांनी जमली होती.”

“तुम्ही त्याचं कौतुक करा. मी बसते,” रुमिनी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला पत्ता बदलल्याचा कागद होता, पण हाडांचे तज्ज्ञ फक्त मंगळवारी आणि तो बुधवार. तिसऱ्या खेपेला मंगळवार होता, पण तज्ज्ञ मेव्हण्याच्या लग्नाला गेलेले. चौथ्या खेपेला सगळं जुळलं. तज्ज्ञ भारदस्त, चष्मा नाकावर, भोवती पाच शिकाऊ डॉक्टर. त्यांनी चिठ्ठी वाचली. “डावा गुडघा. हं. दाखवा.”

आता, आता तरी बोलायला हवं होतं. पण आता तर पाच शिकाऊंसमोर दोन डॉक्टर चुकीचे ठरले असते. प्रावोतोंनी नम्रपणे डावा पाय पुढे केला.

तज्ज्ञांनी तो वाकवला, फिरवला, ठोकला. मग शिकाऊंकडे वळून म्हणाले, “पाहून घ्या. वय बासष्ट आणि गुडघा पंचविशीचा! असा गुडघा पुन्हा बघायला मिळायचा नाही.” पाची जणांनी आळीपाळीनं डावा गुडघा दाबून पाहिला. उजवा बिचारा लुंगीखाली ठणकत होता. “काका, दुखतंय कुठे?”

“कधी कधी,” प्रावोतो म्हणाले, “आसपास.”

“मनाचं असतं. राजवाड्यात सेवेला आहात म्हणता? बिनधास्त बसा उकिडवं.” आणि त्यांनी तसं लिहून, सही करून, शिक्का मारून दिलं.

रुमिनी बाहेर वाट बघत होती. तिनं कागद वाचला, नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला. “डावा? अहो, डावा?”

“सही झाली होती गं.”

रुमिनी स्कूटरपाशी जाईपर्यंत हसली, आणि स्कूटर सुरू करताना रडली. “उद्या ते तुमचा भलताच पाय कापतील आणि तुम्ही आभार मानाल,” ती म्हणाली. प्रावोतोंना लागलं ते. पण एवढ्या शिक्क्याचा कागद हातात असताना माणूस फार वेळ खट्टू राहू शकत नाही. त्यांनी तो घडी न घालता घरी नेला.

आणि तो कागदच बोकांडी बसला. साठीच्या वरच्या उमेदवारांनी तब्येतीचा दाखला द्यायचा असा राजवाड्याचा नियम होता. तो घेणारे कारभारी रादेन पुर्वोकुसुमो. सडपातळ, ताठ, मिशी रेघेसारखी. राजवाड्याची नियमांची पोथी त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी दाखला सगळ्या उमेदवारांना मोठ्यानं वाचून दाखवला. “गुडघा पंचविशीचा! ऐकलंत? आणि तुम्ही लोक जरा बसलात की हुश्श करता.”

उमेदवार वीस. बहुतेक साठीतले, सत्तरीतले. सगळ्यांनी प्रावोतोंकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना तो गुडघा सोलून सगळ्यांत वाटून टाकावासा वाटला.

मग चालीचा सराव सुरू झाला. प्रावोतोंनी उकिडवं बसून एक पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. थांबले. श्वास घेतला. दुसरं पाऊल टाकायला तेवढाच वेळ लागला जेवढ्या वेळात बु जुमिलाह टेंपेचा एक घाणा काढतात. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, नजर खाली.

रादेन पुर्वोकुसुमोंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “बघा,” ते भारावून म्हणाले. “घाई नाही. आवाज नाही. चेहऱ्यावर ना सुख ना दुःख. पाऊल टाकताना जमिनीची परवानगी मागितल्यासारखं! चाळीस वर्षांत अशी चाल पाहिली नाही मी.”

आमच्याकडे सावकाशपणाला फार किंमत. घाईनं चालणारा अडाणी, सावकाश चालणारा खानदानी. आणि प्रावोतो तर इतके सावकाश होते की खानदानाच्याही पलीकडे गेले होते. रादेननी तिथल्या तिथे ठरवलं: समारंभात फुलांचं तबक घेऊन सर्वांत पुढे प्रावोतो. मागे ओळीनं एकोणीस. “आणि पोथीतला नियम लक्षात ठेवा. पुढचा करेल ते मागच्यांनी करायचं. पुढचा थांबला की थांबायचं. कुणी कुणाला ओलांडायचं नाही.”

प्रावोतोंच्या मागचा क्रमांक पाक वागिरान यांचा. चौऱ्याहत्तर वर्षांचे, कंदील बनवणारे, तोंडाचं बोळकं झालेले. ते हळूच म्हणाले, “पाक प्रावोतो, जरा बेतानं हो. आमचे गुडघे आमच्याच वयाचे आहेत.”

“काळजी नको,” प्रावोतो म्हणाले. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांची छाती फुगली होती. दुखणं लपवायला निघालेला माणूस ओळीच्या अगदी पुढे जाऊन बसला होता, आणि त्याला त्यात गैर काही दिसत नव्हतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी रुमिनीनं त्यांच्या गुडघ्याला लवचिक पट्टा चढवला आणि वरून बाटिकचं वस्त्र घट्ट गुंडाळलं. निऱ्या बसवता बसवता म्हणाली, “अहो, अजून वेळ आहे. सांगा त्यांना.”

“सांगतो.”

“कधी?”

“नाव मिळाल्यावर.”

तिनं वर पाहिलं. “मला तुमचं जुनं नाव पुरतं हो,” ती म्हणाली. “पाय एकच जोडी आहे.” प्रावोतोंना गलबलून आलं. पण ते म्हणाले, “चोवीस फरश्या तर आहेत.”

सभामंडप भरला होता. बायकांच्या रांगेत रुमिनी, शेजारी बु जुमिलाह. पाक त्रिमो शिट्टी खिशात घालून आले होते. समोर उंच आसनावर ऐंशीचे राजेसाहेब, मऊ चेहऱ्याचे, आणि त्यांच्या बाजूला चांदीच्या ताटात वीस गुंडाळलेले कागद. वाद्यं सुरू झाली. प्रावोतो तबक घेऊन उकिडवे बसले आणि निघाले.

पाच फरश्या उत्तम गेल्या. पाहुण्यांत कुजबुज झाली, काय ती चाल! आठव्या फरशीवर पट्टा सुटला आणि सरकत सरकत घोट्यावर येऊन बसला. अकराव्या फरशीवर गुडघ्यामागे असली कळ आली की प्रावोतोंना आपली मेलेली आत्या दिसली. पाय पुढे जाईना. मागेही जाईना. गुडघा होता तिथे अडकला.

प्रावोतो थांबले. म्हणून पाक वागिरान थांबले. म्हणून एकोणीस थांबले.

उकिडवं चालणं एक वेळ जमतं. उकिडवं थांबणं फार कठीण. मागून हळूहळू आवाज यायला लागले. कुणाचं हाड वाजलं, कुणी दात आवळले. “पाक,” वागिरान पुटपुटले, “पोथीत हे थांबणं किती वेळाचं आहे?”

खांबाआडून रादेन पुर्वोकुसुमो उकिडवे सरकत आले. “पुढे चला, पाक प्रावोतो.”

“होय.”

“पुढे.”

“होय, होय.”

“अहो चला ना! राजेसाहेब बघताहेत.”

प्रावोतोंनी तोंड उघडलं. बासष्ट वर्षांची सवय जिभेवर तयारच होती. पण गुडघ्यातून एक कळ निघाली, ती जिभेपर्यंत आली आणि तिनं सवयीला बाजूला ढकललं.

“नाही,” प्रावोतो म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. वाद्यं बंद पडली. त्या मंडपात हा शब्द कुणी शेवटचा कधी ऐकला होता कोण जाणे.

“नाही. मला जमत नाही. माझा गुडघा दुखतोय. तीन महिने दुखतोय. मागे मोसंब्याएवढी गाठ आहे. आणि तो दाखला दुसऱ्या गुडघ्याचा आहे.”

रादेनचा चेहरा पांढरा पडला. “मग बाजूला व्हा,” ते कुजबुजले. “आसनाशी पोचल्याशिवाय कागद मिळत नाही. पोचला नाहीत तर नाव नाही. मागचे पुढे येतील.”

प्रावोतोंनी चांदीच्या ताटाकडे पाहिलं. तेरा फरश्या. सगळ्यांत वरचा कागद त्यांचा होता. डोळे भरून आले. शरम वाटली, राग आला, आणि बायकांच्या रांगेत रुमिनी तोंडावर पदर घेऊन बसलेली दिसली तेव्हा तर काळजात चर्र झालं. बाजूला व्हायचं? कुठे? पुन्हा खिडकीत?

आणि मग त्यांच्यातला कारकून जागा झाला. एकतीस वर्षं त्यांनी नियम दाखवून लोकांना परत पाठवलं होतं. नियम कुठे संपतो हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

“रादेन,” ते मान तिरकी करून, अतिशय मऊ आवाजात म्हणाले, “राजेसाहेबांपेक्षा डोकं वर न्यायचं नाही. पाठ दाखवायची नाही. पायाचा तळवा त्यांच्याकडे करायचा नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“उकिडवंच चालायचं, असे शब्द पोथीत आहेत?”

रादेन पुर्वोकुसुमोंनी डोळे मिटले. सगळी पोथी त्यांच्या पापण्यांमागून गेली. “शब्द,” ते शेवटी म्हणाले, “‘अत्यंत नम्रपणे’ असे आहेत.”

“मग उकिडवा माणूस जमिनीपासून वीतभर तरी वर असतो,” प्रावोतो म्हणाले. “अत्यंत कसा झाला?” आणि ते बसले. सरळ बूड टेकून, मांडीत तबक घेऊन, उजवा पाय आडवा भिंतीकडे लांब केलेला, म्हणजे तळव्याचा अपमान भिंतीनं सोसावा. डाव्या टाचेनं आणि एका हातानं रेटा दिला आणि सर्रकन एक फरशी पुढे गेले.

दुसरी फरशी. सर्र.

पाक वागिराननी पाहिलं. पुढचा करेल ते मागच्यांनी करायचं. नियम म्हणजे नियम. धप्. ते बसले. त्यांच्या मागचा बसला, त्याच्या मागचा बसला, आणि एकोणीस म्हाताऱ्यांनी एकदम असं काही हुश्श केलं की तबकातल्या फुलांच्या पाकळ्या हलल्या. मग वीस जण, वीस उजवे पाय भिंतीकडे करून, बाटिकच्या वस्त्रांनी फरशी पुसत, सर्र, सर्र, निघाले. दोन क्षण वादकांना काही सुचेना. मग ढोलवाल्यानं त्या सरसरीचा ठेका पकडला आणि वाद्यं त्याच्यावर चढली. पाक त्रिमोंनी खिशात हात घातला होता, तो बु जुमिलाहंनी वेळेवर दाबून धरला.

प्रावोतो आसनाशी पोचले. घामानं निथळत होते, टोपी कानावर आली होती, पट्टा घोट्यावर होता. पण मान ताठ. राजेसाहेब वाकले. फार वाकले, कारण प्रावोतो फार खाली होते. अगदी कानाशी येऊन त्यांनी विचारलं, “कोणता?”

“उजवा, गुस्ती महाराज.”

“माझा डावा,” राजेसाहेब म्हणाले, आणि कागद उलगडून सबंध मंडपाला ऐकू जाईल असं वाचलं, “मास जाजार रेक्सोहार्दोयो.” हृदयाची राखण करणारा. प्रावोतोंनी कागद कपाळाला लावला आणि हमसून हमसून रडले. गुडघा दुखत होता हे कारण आता सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यांना ते लपवावं लागलं नाही.

पुढच्याच मंगळवारी रुमिनी त्यांना तज्ज्ञांकडे घेऊन गेली आणि आत शिरताच, पाचही शिकाऊंसमोर, म्हणाली, “मागच्या वेळी भलताच पाय बघितलात तुम्ही.” कुणाचंही तोंड उतरलं नाही. तज्ज्ञ म्हणाले, “अरेच्चा!” आणि सुईनं वाटीभर पाणी काढलं. तेवढ्यानं गाठ कायमची गेली असं नाही. जरा जास्त चालणं झालं की ती पुन्हा बोराएवढी होते, मग लिंबाकडे बघायला लागते. मग प्रावोतो चार दिवस पाय उशीवर ठेवून पडून राहतात आणि ‘छान वाटतंय’ हे छान वाटलं तरच म्हणतात. राजवाड्यात त्यांना दरवाज्यापाशी खुर्चीचं काम मिळालं आहे. पाय लांब करायला समोर एक चौरंगही आहे.

पुढच्या सुरोत नवे उमेदवार आले, तेव्हा त्यांनी मागच्यांनी केलं तसंच केलं. आता सगळे बसूनच जातात. पाहुण्यांना राजवाडा दाखवणाऱ्या वाटाड्यानं परवा दरवाज्यापाशीच थांबून पंधरावीस जणांना समजावलं, “ही चाल पहिल्या राजांपासून चालत आली आहे, चारशे वर्षं. सरसर आवाज म्हणजे दक्षिण समुद्राची लाट. आणि उजवा पाय आडवा, म्हणजे माणसानं आपला अहंकार बाजूला ठेवला.”

“नाही हो,” खुर्चीतून प्रावोतो म्हणाले. हल्ली हा शब्द त्यांना सहज येतो. “चारशे कसली? मागच्या वर्षीची आहे. माझा गुडघा दुखत होता.”

वाटाड्यानं दोन्ही हात जोडले आणि पाहुण्यांकडे वळला. “हे मास जाजार रेक्सोहार्दोयो. पाहिलंत? इतके मुरलेले सेवक की सगळा कमीपणा स्वतःच्या अंगावर घेतात.”

पाहुण्यांच्या डोळ्यांत आदर दाटला. प्रावोतो गाठ दाखवायला वस्त्र वर करणार, तेवढ्यात घोळक्यातल्या एका बाईंनी आपल्या लहान मुलीला पुढे केलं. मुलीनं त्यांचं ते एवढं लांबलचक नाव, एकही अक्षर न चुकता, मोठ्यानं म्हटलं आणि वाकून नमस्कार केला.

प्रावोतोंनी वस्त्र खाली सोडलं, खुर्चीत जरा सावरून बसले आणि तो नमस्कार घेतला.